प्रेशरलेस टेनिस बॉल: कोकणातल्या सरावाला कितपत चालतात?

मृग लागला की कोकणात कॅनमधल्या बॉलचे हाल होतात. कॅन उघडल्यापासून आतला दाब रबरातून झिरपत जातो आणि दोन-तीन आठवड्यांत बॉल मरतो. प्रेशरलेस बॉलमध्ये दाब भरलेलाच नसतो. उसळी येते ती जाड रबरातून. म्हणून तो मरत नाही, उलट फेल्ट (वरची लोकरी लव) झिजेल तसा जास्तच उडतो. साठ-सत्तर बॉलची टोपली भरून फोरहँड घोटून घ्यायला, सर्व्हिस मारून घ्यायला ही वस्तू उत्तम. एवढ्यासाठी जरूर घ्या.

पण पाण्यापुढे दोन्ही सारखेच. ओल्या जांभ्याच्या मातीत फेल्ट चिखल धरतं, बॉल जड होतो, आणि तसाच पिशवीत राहिला तर काळी बुरशी येते. सराव संपताच माती झटकून पडवीत जाळीवर पसरून ठेवा. बॉल आतपर्यंत भिजला असेल तर तो बाजूलाच काढा.

खरी अडचण मुलांच्या हाताची आहे. प्रेशरलेस बॉल टणक असतो, मनगटाला आणि कोपराला झटका बसतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या रॅकेटला घट्ट ताणलेली पॉलिएस्टर तार असेल तर दुखणं ठरलेलंच. मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ) तार 20 ते 22 किलोच्या ताणाने बसवा आणि सलग तासभर यावर खेळवू नका. दहा वर्षांखालच्यांना तर देऊच नका. त्यांच्यासाठी साध्या बॉलपेक्षा सुमारे 25 टक्के मंद असलेला हिरव्या ठिपक्याचा बॉल आहे.

सांघिक स्पर्धेची तयारी मात्र यावर होत नाही. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) चौदा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत (अंतिम फेरी चेक प्रजासत्ताकात प्रोस्तेयोव्ह इथे, लाल मातीवर) संघात तिघेच खेळाडू असतात आणि लढत दोन एकेरी व एका दुहेरीची. 1-1 झालं की सगळं दुहेरीवर येतं. तिथे बॉल ताजा, हलका आणि वेगवान. प्रेशरलेसची सवय झालेला मुलगा रिटर्नला उशिरा पोचतो, आणि नेटवर व्हॉलीचा (टप्पा पडण्याआधीच मारायच्या फटक्याचा) अंदाज चुकतो तो वेगळाच. त्यामुळे निवड चाचणीच्या आधीचे तीन आठवडे गुणांसाठी खेळताना फक्त कॅनमधलेच बॉल वापरा. दुहेरीच्या सरावाला तर नवा कॅन उघडाच. टोपली तेव्हा सर्व्हिसपुरती.

घेताना उसळी तपासा. नियमानुसार बॉल 254 सेंटीमीटरवरून कठीण, सपाट जागेवर सोडला की 135 ते 147 सेंटीमीटर उसळला पाहिजे. भिंतीवर खडूने तीन खुणा करा आणि सिमेंटच्या लादीवर टाकून पाहा. मातीच्या कोर्टवर हे माप चुकतं. नवा प्रेशरलेस बॉल बऱ्याचदा खालच्या खुणेशीच घुटमळतो. दुकानदाराकडून आधी तीनच घ्या, आठवडाभर खेळवा, मग टोपली भरा.