खाणाऱ्यासाठी एक, राबणाऱ्यासाठी दुसरं: छोट्या कारखान्याने आधी कुठलं प्रमाणपत्र घ्यावं?

चंदगड, आजरा, सावंतवाडीकडचे काजूवाले भेटले की एक प्रश्न हमखास येतो: “आमच्याकडे आयएसओ २२००० आहे, म्हणजे सेफ्टीचं झालंच ना?” नाही झालं. २२००० हे अन्नसुरक्षेचं मानक आहे खाणाऱ्याच्या पोटासाठी आणि आयएसओ ४५००१ हे कामगारांच्या सुरक्षेचं मानक आहे राबणाऱ्याच्या हातापायांसाठी. दोन्हीकडे ‘सेफ्टी’ हा शब्द आहे, म्हणून गल्लत होते. ती कामगाराला महागात पडते.

काजू फोडायच्या खोलीत जाऊन बघा. वाफवून सुकवलेली बी कटरवर येते. पायाने पेडल दाबलं की दोन पाती बीला दोन्हीकडून धरतात, हातातला दांडा फिरवला की टरफल उघडतं. टरफलातलं तेल जहाल. ते लागून लागून बोटांची साल निघते, नखांच्या कडा काळ्या पडतात. म्हणून बायका कामाला बसण्याआधी हाताला एरंडेल किंवा राख चोळतात. २२०००चा ऑडिटर या खोलीत आला की तो विचारतो: हे तेल गराला लागतं का? डोक्याला टोपी आहे का, हातात बांगड्या आहेत का, पाण्याची तपासणी कधी झाली? प्रश्न रास्तच आहेत. पण त्या बोटांचं काय, हे विचारणं त्याच्या कामात येत नाही. ४५००१चा ऑडिटर सुरुवातच त्या बोटांपासून करतो.

कधी कधी या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. पदार्थाची स्वच्छता बघणारा म्हणतो, सगळ्यांच्या हातात मोजे हवेत. पण फिरणाऱ्या रोलरजवळ किंवा ग्राइंडरजवळ मोजा अडकला तर त्याच्याबरोबर अख्खा हात आत ओढला जातो. तिथे मोज्यापेक्षा यंत्रावर जाळी हवी. माशा-उंदीर येऊ नयेत म्हणून एक जण दारं बंद ठेवायला सांगतो, दुसऱ्याला तेच दार आग लागली तर आतून एका धक्क्यात उघडायला हवं असतं. एका युनिटमध्ये मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावलेलं मी पाहिलं आहे. आत बोरमा (गर सुकवायची भट्टी) तापलेला होता आणि बावीस बायका गर सोलत बसल्या होत्या. फूड सेफ्टीची त्यांची फाईल मात्र चोख होती.

आता ४५००१ मागतं काय ते बघू. हे मानक मार्च २०१८ मध्ये आलं आणि जुन्या ओएचएसएएस १८००१ची जागा त्याने घेतली. प्रत्येक कामातला धोका शोधा, मग तो कमी करा, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी धोका मुळातूनच काढता येतो का, नाहीतर कमी घातक पर्याय आहे का, मग यंत्राला गार्ड, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी मोजे-चष्मा-बूट. आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटा असतो: पहिल्याच दिवशी हेल्मेट वाटून मोकळे. दुसरी मोठी अट म्हणजे हे ठरवताना कामगारांना सामील करून घ्यायचं. ऑडिटर थेट कटरवरच्या बाईशी बोलतो, तिला काहीच माहीत नसेल तर तुमचे कागद तिथेच उघडे पडतात. माझ्या मते या मानकाचा खरा जीव या अटीत आहे.

ऑडिट दोन टप्प्यांत होतं, प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी पाहणी होते. २२०००चंही साधारण असंच. दोन्ही मानकांचा सांगाडा सारखा असल्याने अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा एकत्र करता येतो. एक असेल तर दुसऱ्याचा कागदी भार बराच हलका होतो.

निर्यातीसाठी घेणार असाल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. युरोप-अमेरिकेतले बरेच मोठे खरेदीदार जीएफएसआय या अन्नसुरक्षेच्या जागतिक उपक्रमाने मान्य केलेली योजना मागतात, आणि नुसतं २२००० त्यात बसत नाही. एफएसएससी २२००० किंवा बीआरसीजीएस या अन्नसुरक्षेच्या योजना बसतात. पैसे भरण्याआधी खरेदीदाराकडून हे लेखी घ्या.

तिसरी वाट आहे झेडची (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट), म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्र योजनेची. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकांसाठी ती आहे. तिच्या पहिल्या पायरीला, म्हणजे ब्राँझला, पाचच निकष आहेत, आणि त्यातला एक कामाच्या जागेची सुरक्षा हाच आहे. योजनेतली ब्राँझची फी १०,००० रुपये, त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० टक्के आणि मध्यमला ५० टक्के अनुदान. अर्ज करताना पोर्टलवर चालू दर बघून घ्या. ती ४५००१इतकी खोलवर जात नाही, पण ज्याने कधीच धोक्यांची यादी केलेली नाही त्याच्यासाठी सुरुवात म्हणून उत्तम.

आणि कायदा या सगळ्याच्या आधी. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. विजेवर काम आणि २० किंवा जास्त कामगार असले की तिच्या लेखी तुमचा कारखाना झाला. कुठलंही प्रमाणपत्र त्यातून सूट देत नाही. अन्नाचा परवाना तर लागतोच.

मग घ्यायचं काय? तीस-चाळीस माणसांचं काजू, मसाला किंवा लोणच्याचं युनिट आणि माल देशातच जाणार असेल, तर मी सांगेन: कायद्याच्या गोष्टी पक्क्या करा, यंत्रांना गार्ड लावा, झेड ब्राँझ घ्या. निर्यात असेल तर एफएसएससी घ्या आणि त्याच कामात धोक्यांची नोंदही सुरू करा. बॉयलर, अमोनियाचं शीतगृह, प्रेस किंवा शंभरावर माणसं असतील तर ४५००१ पुढे ढकलू नका, मग कुणी मागो वा न मागो. फॅब्रिकेशन किंवा वाहनांच्या सुट्या भागांचं काम असेल तर बडे ग्राहक आज ना उद्या ते मागतीलच.

शेवटी खऱ्याखोट्याचं. ‘दोन दिवसांत आयएसओ’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. देणारी कंपनी एनएबीसीबी (अशा कंपन्यांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) किंवा तशाच मान्यताप्राप्त मंडळाच्या यादीत आहे का, आणि तुम्हाला हव्या त्याच मानकासाठी आहे का, ते बघा. मग कागदावरची ‘व्याप्ती’ची ओळ वाचा. तिथे फक्त ‘पॅकिंग आणि विक्री’ लिहिलं असेल, तर काजू फोडायची खोली त्यात आलेलीच नाही.