पथ्य की ऑपरेशन? लहान आतड्यातल्या लसीकावाहिन्या रक्त गळतात तेव्हा

हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा घसरतं, शौचाला काळी होते, एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीत मात्र काहीच सापडत नाही. मग कधीतरी रिपोर्टवर ‘लिम्फँजिएक्टेशिया’ किंवा ‘लिम्फँजिओमा’ असा शब्द उमटतो. दोन्ही आजार विरळाच. नावं कानाला सारखी लागतात, उपचार मात्र वेगळे.

लिम्फँजिएक्टेशियात लसीकावाहिन्या (लसीका म्हणजे लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फुगतात, बहुधा आतड्याच्या बऱ्याच लांबीवर. अमेरिकी डॉक्टर वॉल्डमन यांनी १९६१ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. लसीकेबरोबर प्रथिनं आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाहून जातात; अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरतं, पाय सुजतात, जुलाब होतात. रक्त जाणं हे यातलं नेहमीचं लक्षण नव्हे. लिम्फँजिओमा ही सहसा एका जागची मऊ गाठ. अल्ब्युमिन बहुधा ठीक असतं, रक्त तेवढं झिरपत राहतं. गाठीत रक्तवाहिन्याही मिसळल्या असतील तर तो हिमोलिम्फँजिओमा.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न एकच: पसरलंय की एकाच जागी आहे? गिळायच्या कॅप्सूल कॅमेऱ्यात भूल लागत नाही, फुगलेल्या लसीकावाहिन्यांचे पांढरे ठिपके कुठवर आहेत ते दिसतं. पण तपासणीसाठी तुकडा काढता येत नाही, आणि आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल अडकू शकते. बलून एंटरोस्कोपीत (फुग्याच्या मदतीनं लहान आतड्यात खोलवर नेलेली दुर्बीण) तुकडा घेता येतो, रक्त थांबवता येतं, शाईची खूणही करता येते. त्यासाठी गुंगी किंवा भूल लागते, आणि आतड्याला भोक पडण्याचा थोडा धोका असतो. तातडी नसेल तर आधी कॅप्सूल.

पसरलेल्या आजारात पथ्य आधी: रोजची चरबी जवळपास बंद, तिच्या जागी एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीची चरबी) तेल. ही चरबी लसीकेत न शिरता थेट यकृताकडे जाते. ‘मग खोबरेल चालेल ना?’ असं कोकणातला पेशंट हमखास विचारतो. नाही चालत. खोबरेलात भर लॉरिक आम्लाचा, आणि त्यातलं बरंचसं लसीकेच्याच वाटेनं जातं. एमसीटी फोडणीला घेऊ नका, लवकर धुरतं. शिजलेल्या भातावर, वरणावर घाला. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वरून घ्यावी लागतात. पथ्य बहुतेकदा कायमचं, आणि सणासुदीला तेच जड जातं. त्यानं प्रथिनांची गळती कमी होते, रक्त थांबेलच असं नाही. तिथे ऑक्ट्रिओटाइडसारखी औषधं वापरून पाहतात. पथ्य सुरू करण्याआधी क्षयरोग, लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कर्करोग) आणि हृदयाभोवतीचं आवरण आवळलेलं असणं ही कारणं डॉक्टरांकडून तपासून घ्या. तसं काही निघालं तर उपचार आधी त्याचा.

एका जागची गाठ रक्त गळत असेल तर पथ्यावर महिने घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. तेवढा भाग कापून टोकं जोडली आणि गाठ पूर्ण निघाली, तर प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. अर्धवट राहिली तर ती परत येऊ शकते. सर्जनला एवढं जरूर विचारा: एंटरोस्कोपीत शाईची खूण केली आहे का? मऊ गाठ बोटांना चटकन लागत नाही.