पानातली साखर आणि हरितलवकाचे निरोप: दादरमधील एका कार्यशाळेविषयी

दादरमधील एका खासगी शिकवणी वर्गाने हरितलवक (पानातील प्रकाशसंश्लेषण करणारा पेशीघटक) आणि साखर पेशीकेंद्रकातील जनुकांना कसे निरोप देतात, या विषयावर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेली ही एकदिवसीय कार्यशाळा शुल्काच्या मानाने नक्कीच उजवी आहे. हरितलवकातील बहुतेक प्रथिनांची जनुके पेशीकेंद्रकात असतात. त्यामुळे लवकाची अवस्था केंद्रकाला कळणे का आवश्यक असते, हे फळ्यावर सावकाश उलगडून दाखवण्यात आले. नॉरफ्लुराझॉन या तणनाशकाने पांढऱ्या पडलेल्या रोपांत प्रकाशसंश्लेषणाची केंद्रकीय जनुके मंदावतात, पण १९९३ साली वर्णिलेल्या 'गन' उत्परिवर्तकांत (लवकाचा निरोप केंद्रकापर्यंत नीट न पोहोचणाऱ्या, जनुकात बदल झालेल्या रोपांत) ती बऱ्याच अंशी चालू राहतात, हा भाग तर फारच नेटका झाला. हेक्सोकायनेज-१ हे विकर ग्लुकोजवर प्रक्रिया करण्याची क्षमता गमावूनही ग्लुकोजची चाहूल घेते आणि याच प्रकारची जनुके दाबते, हे अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीवरील २००३ च्या प्रयोगाच्या आधारे समजावले गेले. प्रात्यक्षिक मात्र तोकडे वाटले: जास्त ग्लुकोजवर खुरटलेली, बीजपत्रे न हिरवळलेली रोपे एकाच बशीत होती आणि ती मागच्या बाकापर्यंत येईस्तोवर तिचे झाकण बाष्पाने धुरकटले होते. टॉर आणि एसएनआरके-१ या पेशीतील साखर व ऊर्जेची स्थिती ओळखणाऱ्या प्रथिनांना छापील टिपणांत जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे, ही उणीव पुढच्या खेपेस भरून काढावी.