प्लास्टिकचे पत्ते घ्यावेत का? आठ महिने वापरून सांगायलोय

मी मूळ लातूरचा, गोव्यात पोकरच्या टूर्नामेंटा लागल्या की डीलर म्हणजे पत्ते वाटणारा म्हणून जातो, बाकीचे दिवस घरीच. प्रॅक्टिससाठी हा पोकर साइजचा, शंभर टक्के प्लास्टिकचा कॅट ऑनलाइन मागवला. आधी किराणा दुकानातला कागदी कॅट वापरायचो, तो पंधरा दिवसात कोपऱ्याला मऊ पडायचा आणि गोव्याच्या दमट हवेत तर पापडासारखा वाकायचा!

हे पत्ते लई गुळगुळीत आहेत, पहिले दोन दिवस पिसताना हातातून सटासट निसटले, धीर धरा. मग मात्र मजा. आमच्या कामात वाटण्याआधी पिसा, पिसा, थर काढा, परत पिसा, मग काटा, आणि फ्लॉप, टर्न, रिव्हर (म्हणजे टेबलावर सगळ्यांचे सामायिक पत्ते उघडायच्या तीन पायऱ्या) प्रत्येकाच्या आधी एक पत्ता उपडाच बाजूला टाकायचा, हे दिवसातून शेकडो वेळा, तरी एकाही पत्त्याला घडी नाही. मळले तर ओल्या फडक्यानं पुसा, झालं. नुसत्या फरशीवर वाटू नका, उचलताच येत नाहीत, मी खाली सोलापुरी चादर टाकतो.

तक्रार एकच, डिलिव्हरीवाल्यानं बॉक्स चेपून आणला अन् एक जोकर गायब. पोकरला जोकर लागत नाही म्हणून वाद घातला नाही, पण आईला रम्मी खेळायची होती ना. दिवसभर पत्ते पिसतोस म्हणून मला शिव्या घालणारी तीच बरं का! रम्मीपुरते घेणार असाल तर कागदीच घ्या, एवढे पैसे कशाला.