काळा घोडा की भायखळा? घोडा तर भायखळ्यालाच आहे

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरात एक ठरलेला वाद सुरू होतो. बायको म्हणते काळा घोडा, मी म्हणतो भायखळा. मुलगी सात वर्षांची आहे, ती म्हणते पेंग्विन. तीन वर्षांत दोन्हीकडे पुरेसे हेलपाटे झालेत. परवा डोंबिवलीच्या मावसभावाने फोन करून विचारलं, "पोरांना घेऊन एकाच ठिकाणी जायचं तर कुठे जाऊ रे?" फोनवर मी अर्धवट उत्तर दिलं, उरलेलं इथे लिहितोय.

काळा घोडा महोत्सव म्हणजे दक्षिण मुंबईतला कलांचा महोत्सव, हे मुंबईकराला सांगायला नको. 1999 पासून भरतो, नऊ दिवस चालतो, तिकीट कशालाच नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही सगळ्यांना माहीत असतं, फक्त आतून पाहिलेलं नसतं. प्राणी बघायला राणीच्या बागेत दहा वेळा जाऊन गेटाजवळच्या त्या इमारतीकडे ढुंकूनही न पाहिलेली माणसं माझ्या नात्यातच डझनभर आहेत. मीही लग्न होईपर्यंत त्यातलाच होतो.

आधी बायकोची बाजू मांडतो, नाहीतर घरात राहणं कठीण होईल. महोत्सवाच्या संध्याकाळी त्या भागाला जी कळा येते ती वर्षभर येत नाही. एरवी जिथे टॅक्सीवाले हॉर्न वाजवत असतात त्या रॅम्पार्ट रोवर माणसं रस्त्याच्या मधोमध चालत असतात. डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत कुणीतरी पुस्तकावर बोलत असतं आणि ऐकणारे चक्क ऐकत असतात. एका वर्षी उघड्या रंगमंचावर कथक पाहिलं. वारा होता, घुंगरांचा आवाज मध्येच दूर जायचा, मध्येच जवळ यायचा. बंद नाट्यगृहात ते तसं लागलं नसतं. शिवाय सगळं फुकट. चार माणसांच्या कुटुंबाला मुंबईत फुकट नाच, फुकट नाटक, फुकट व्याख्यान आणखी कुठे मिळतं ते मला दाखवा. स्टॉलवरच्या वस्तू फुकट नसतात, पण तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय.

आता माझी तक्रार. आयोजकांबद्दल अजिबात नाही, त्यांनी काय करायचं तेवढं ते करतात. तक्रार आहे ती तुमच्याआमच्यासारख्या जाणाऱ्यांबद्दल.

त्या वर्षी आम्ही पहिल्या रविवारी गेलो, हीच पहिली चूक. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. ठाण्याहून निघालेली गाडी कुठे रखडेल त्याचा नेम नाही, सीएसएमटीला उतरून फोर्टमधून चालत पोचेपर्यंत साडेपाच झाले. आत शिरायलाच रांग. आत गेल्यावर मुलीला कंबरेएवढ्या उंचीवरून जे दिसायचं तेच दिसत होतं, म्हणजे पिशव्या, पट्टे आणि पाठी. तिला खांद्यावर घेतलं. आता वरून तिला दिसू लागलं आणि मला खालून काही दिसेना, पण तेही चाललं असतं.

पहिल्या इन्स्टॉलेशनपाशी, म्हणजे मांडणशिल्पापाशी पोचलो. समोर उभं राहून बघायला लागलो, तोच मागून आवाज आला, "काका, थोडं बाजूला." एक मुलगी कलाकृतीला पाठ करून उभी होती आणि तिची मैत्रीण मोबाईल धरून माझ्या मागे. बाजूला झालो. त्या बाजूला दुसरं कुटुंब फोटो काढत होतं, त्यांच्या चौकटीत शिरलो. "अंकल, प्लीज." पुन्हा बाजूला. पाच मिनिटांत मी त्या कलाकृतीच्या भोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली, पण ती कशाची बनवली होती ते मला आजही सांगता येणार नाही. माणसं तिच्यासमोर ओळीने येत, वळत, हसत आणि जात. तिच्याकडे तोंड करून उभे असणारे आम्ही दोघंच, आणि आम्हीच अडथळा. शेजारचा माहितीफलक कुणाच्या तरी पाठीमागे गेला होता. दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच.

चौथ्या ठिकाणी गर्दी जरा विरळ होती. मी मुलीला खाली उतरवलं, म्हटलं आता नीट बघ. ती तुरुतुरु पुढे गेली, मांडणीच्या अगदी जवळ, आणि न सांगता वळली. पाठ करून उभी राहिली, मान तिरकी केली, दोन बोटं वर केली आणि माझ्या मोबाईलची वाट बघू लागली.

मी फोटो काढला. खोटं कशाला सांगू, चांगला आला.

पण माझ्यापुरता निकाल तिथे लागला. गर्दी, पायपीट, मेगाब्लॉक हे सगळं मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला सवयीचं असतं. पोरीने तासाभरात पाठ फिरवायला शिकणं मात्र मला पचलं नाही. बायकोचं म्हणणं, एवढं काय, मुलं सगळीकडे असंच करतात. असेलही. माझं काही सर्वेक्षण नाही, एका मुलीवरून बोलतोय.

पुढच्या शनिवारी सकाळी मी आणि मुलगी दोघंच भायखळ्याला गेलो. जलद गाडी भायखळ्याला थांबते, पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाललं की बाग. इथे एक काळजी घ्या: बागेत शिरल्यावर आधी संग्रहालय, मग प्राणी. उलट केलंत तर संपलं. हम्बोल्ट पेंग्विन पाहून आलेलं मूल एकोणिसाव्या शतकातल्या मातीच्या भांड्यांकडे बघत नाही, हा पहिल्या वर्षीचा धडा आहे.

संग्रहालयाबाहेरच दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीचं नाव एलिफंटा ठेवलं, तोच हा. 1864 मध्ये इंग्रजांनी तो बेटावरून उचलायचा घाट घातला, उचलताना तो खाली पडून फुटला, आणि पुढे तुकडे इथे आणून जोडले. मी हे सगळं ऐटीत सांगत होतो तोवर मुलगी हत्तीच्या पोटाजवळ जाऊन सांधे शोधत होती. म्हणाली, "बाबा, ह्याला टाके घातलेत." किती टाके ते मोजण्यात पंधरा मिनिटं गेली. मागून कुणी बाजूला व्हा म्हणालं नाही, कारण मागे कुणी नव्हतंच.

आत गेलं की पहिल्यांदा मान वर जाते. सोनेरी आणि हिरवं छत, नक्षीचे लोखंडी खांब, पायाखाली रंगीत फरशा. 1872 मध्ये ही इमारत लोकांसाठी उघडली तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. ती उभी राहावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्या डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव तिला मिळायला 1975 उजाडलं. मधल्या काळात तिची पार दुर्दशा झाली होती. नंतर पालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जो जीर्णोद्धार केला त्याला 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण मुलांना यातलं काही सांगत बसू नका. त्यांना सरळ वरच्या मजल्यावर मातीच्या बाहुल्यांपाशी न्या.

मी बाहुल्या म्हणतो, पण ती जुन्या मुंबईतली माणसं आहेत. नाना जातींची, नाना धंद्यांची, काचेच्या कपाटात ओळीने उभी. मुलीने काचेला नाक लावलं. रखवालदार लांबूनच म्हणाला, "बाळा, काचेला हात नको." तिने हात मागे घेतले, नाक तिथेच ठेवलं. दोन पगड्या सारख्या दिसतात का, हा खेळ तिने स्वतःच काढला होता. एका कपाटापुढे ती किती वेळ होती ते मी मोजलं नाही, पण माझे पाय दुखायला लागले आणि मी बाकडं शोधू लागलो. निघालो तेव्हा काचेवर नाकाएवढा धुरकट ठिपका राहिला होता. मोबाईल काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

भायखळ्याची उणी बाजू आहेच. इमारत लहान आहे, दीड तासात पाहून होते. मुलांना कंटाळा आला तर त्यांचं मन रमवणारं आत दुसरं काही नाही. पाट्यांवरची अक्षरं बारीक, चष्मा विसरलात तर पंचाईत. नाच, गाणं, उत्साह, ओळखीची माणसं अचानक भेटणं यातलं काहीही इथे मिळणार नाही. आणि नेमकं याच सुमारास राणीच्या बागेत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. त्या दोन-तीन दिवसांत भायखळ्याचाही काळा घोडा होतो, तेव्हा तारीख बघून निघा.

खर्चाची तुलना करण्यात अर्थ नाही. संग्रहालयाचं तिकीट फार तर चहापाण्याच्या खर्चातलं, बागेचं वेगळं. महोत्सव फुकट, पण तिथून रिकाम्या हाताने परतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काहीजण मधला मार्ग सुचवतात: महोत्सवाला जायचं आणि पोरं कावली की शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरायचं. कल्पना वाईट नाही. अकबराचं चिलखत आहे, असीरियातल्या राजवाड्याचे शिल्पपट आहेत, आवारात गोरखचिंचेच्या झाडाशेजारी मुलांचं वेगळं म्युझियमही आहे. पण ती जागा अवाढव्य, तिला आख्खा दिवस हवा. महोत्सवाची शेपटी म्हणून तिथे गेलात तर तिच्यावर अन्याय होतो आणि मुलांच्या पायांवरही. आम्ही एकदा केलं ते. मुलगी पशुपक्ष्यांच्या दालनातल्या बाकावरच झोपली.

महोत्सवावर अन्याय होऊ नये म्हणून आणखी एक सांगतो. मधल्या वारी, मंगळवारी किंवा गुरुवारी, दुपारी जाता आलं तर माझी निम्मी तक्रार आपोआप मिटते. एकदा ऑफिसातून अर्धी रजा टाकून एकटाच गेलो होतो. उन्हं होती, स्टॉलवाले जेवत होते, आणि मांडणशिल्पं मोकळी उभी होती. एका शिल्पापुढे दहा मिनिटं उभा राहिलो, शेजारचा फलक पूर्ण वाचला. त्या दिवशी मला महोत्सव पहिल्यांदा दिसला असं म्हटलं तरी चालेल. पण त्या वेळी मुलांची शाळा असते, आणि मावसभावाचा प्रश्न मुलांचाच होता. मुलांच्या कार्यशाळाही असतात आणि चांगल्या असतात असं ऐकतो, पण त्यांची नोंदणी आधी करावी लागते. आम्ही आयत्या वेळी गेलो आणि परत आलो, चूक आमचीच.

मुलं दहा-बाराच्या पुढची असतील, गर्दीत स्वतःचं स्वतः बघणारी, तर मी कदाचित काळा घोडाच म्हणेन. नाचगाण्याची आवड असेल तर निश्चित म्हणेन. त्याहून लहान असतील तर माझं मत भायखळ्याला. ज्याची त्याची आवड, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

एक गंमत राहिली. महोत्सवाला गेलो त्या दिवशी मुलीने विचारलं होतं, काळा घोडा कुठाय? चौकातला घोडा दाखवला. म्हणाली, ह्याच्यावर कुणीच नाही. बरोबर आहे, तो 2017 मध्ये बसवलेला, बिनस्वाराचा. ज्याच्यामुळे त्या भागाला नाव पडलं तो राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्येच तिथून हलवला. तो आता भायखळ्याला, संग्रहालयाला लागून असलेल्या आवारात इतर जुन्या पुतळ्यांच्या सोबतीला उभा आहे. म्हणजे नाव तिकडे आणि घोडा इकडे. बायकोला हा मुद्दा मी दरवर्षी ऐकवतो, ती दरवर्षी म्हणते घोड्यासाठी कोण जातंय.

यंदाचा तह असा: ती शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर काळा घोड्याला, आम्ही दोघं शनिवारी सकाळी भायखळ्याला. मुलीने हत्तीचे टाके पुन्हा मोजायचे ठरवलेत, मागचा आकडा चुकला होता म्हणे. मावसभावा, तू आमच्याबरोबर येणार असशील तर दहाला पूर्वेच्या जिन्याखाली भेट. वेगळा जाणार असशील तर बुधवार सोडून कधीही जा, बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.