'इरेझरहेड'ची क्रायटेरियन ब्लू-रे : लघुपट आधी बघा

ही डिस्क लोक 'इरेझरहेड'साठी, म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी घेतात. माझे पैसे वसूल झाले ते मेनूत मागे पडलेल्या लघुपटांनी. क्रायटेरियन या निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१४ साली काढलेल्या या ब्लू-रेवर लिंचचं १९६७पासूनचं काम आहे. मी नाशिकमध्ये लग्नाच्या फिल्म एडिट करते. सीझनभर औरंगाबाद रोडवरच्या लॉन्सचं फुटेज कापायचं, सीझन संपला की स्वतःचे लघुपट. पुढच्या कामाला पैसे कुठून आणायचे, हा आमच्या ग्रुपमधला रोजचा विषय. या लघुपटांच्या क्रमात त्याचं जितकं स्वच्छ उत्तर आहे, तितकं मला दुसरीकडे सापडलं नाही.

क्रम बघा. फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत चित्रकला शिकणाऱ्या लिंचला चित्र हलताना बघायचं होतं. त्याने सहा माणसांचं ॲनिमेशन केलं आणि स्वतःच्याच डोक्याचे साचे बसवलेल्या पडद्यावर ते फिरवत ठेवलं, मागे सायरन. खर्च २०० डॉलर. ते बघून एका रसिकाने 'मलाही असं करून दे' म्हणत १,००० डॉलर दिले. लिंचने जुना बोलेक्स कॅमेरा घेतला, खूप राबला, आणि फिल्म धुऊन आली ती सगळी अस्पष्ट. त्या भल्या माणसाने उरलेले पैसे त्यालाच वापरू दिले. त्यातून चार मिनिटांचा 'द अल्फाबेट' झाला. तो दाखवून अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचं अनुदान मिळालं, त्यातून ३४ मिनिटांचा 'द ग्रँडमदर', आणि त्याच्या जोरावर इन्स्टिट्यूटच्या लॉस एंजेलिसमधल्या केंद्रात प्रवेश.

आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनीही १९१२मध्ये हेच केलं होतं. वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं टिपलं, ती छोटीशी फिल्म लोकांना दाखवून कर्ज उभं केलं, तेव्हा पुढे 'राजा हरिश्चंद्र' झाला. नाशिकमध्ये फाळक्यांचं नाव घेतलं की दागिने विकल्याची गोष्ट निघते. वाटाण्याच्या रोपाची फारशी निघत नाही, आणि नवख्या माणसाच्या उपयोगाची तीच जास्त आहे.

आता मुख्य चित्रपट. पटकथा अवघी २१ पानांची. शूटिंग १९७२मध्ये सुरू झालं आणि पैसे संपत, थांबत, पुन्हा जमत वर्षानुवर्षं चाललं. सेट बेव्हर्ली हिल्सच्या ग्रेस्टोन हवेलीच्या घोड्यांच्या पागेत. लिंच वॉल स्ट्रीट जर्नलचे अंक घरोघर टाकायचा, त्याची सहायक कॅथरीन कूलसन वेट्रेसचं काम करून आलेला पैसा यात घालायची, आणि नायक जॅक नान्सने ते उभे केस इतकी वर्षं तसेच राखले. एका ठिकाणी नायक हेन्री दार उघडतो आणि पुढच्या शॉटमध्ये आत येतो. या दोन शॉट्समध्ये सुमारे दीड वर्ष गेलंय! मी तो कट पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. प्रकाश, चेहरा, चाल, कुठेही सांधा दिसत नाही. दोन दिवसांच्या लग्नात हळद आणि रिसेप्शनचा रंग जुळवताना काय होतं, हे मला माहीत आहे, म्हणून त्या कटला मी मनापासून नमस्कार करते.

रिस्टोरेशन लिंचच्या देखरेखीखालचं, ४के. काळ्या रंगात इतक्या छटा आहेत की खोली पूर्ण अंधारी करूनच बघा. आवाज स्टीरिओ, अनकॉम्प्रेस्ड. लिंच आणि साउंड डिझायनर ॲलन स्प्लेट यांनी रचलेली ती सततची घरघर टीव्हीच्या स्पीकरवर नुसता गोंगाट वाटते. चांगले हेडफोन लावले की तिच्यात वारा, वाफ, यंत्रं वेगवेगळी ऐकू येतात. सातपूरच्या कंपनीत शिफ्ट करणारा आमचा साउंडवाला मित्र पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाला, "ताई, हे तर आमच्या शॉपफ्लोअरचं सकाळी सहाचं वातावरण आहे."

'द ॲम्प्युटी' चुकवू नका. इन्स्टिट्यूटला दोन प्रकारच्या व्हिडिओ टेपची चाचणी घ्यायची होती. 'इरेझरहेड' तेव्हा पैशांअभावी अडकलेला, तर लिंचने त्या चाचणीतच एक छोटी कथा दोनदा शूट केली. दोन्ही रूपं डिस्कवर आहेत. २००१चा 'इरेझरहेड स्टोरीज' हा माहितीपटही आहे, त्यात लिंच स्वतः आठवणी सांगतो. निवांत चालतो, पण एडिट करणाऱ्याने पूर्ण ऐकावा.

पुढचा प्रवास डिस्कवर नाही, पण तो कळला तर हे सगळं नीट बसतं. वितरक बेन बॅरनहोल्ट्झने न्यूयॉर्कच्या सिनेमा व्हिलेज थिएटरमध्ये मध्यरात्रीचे खेळ लावले, प्रेक्षक हळूहळू जमले, आणि हाच चित्रपट बघून निर्माता मेल ब्रुक्सने 'द एलिफंट मॅन' (१९८०) लिंचच्या हाती दिला. त्याला ऑस्करची आठ नामांकनं मिळाली. 'ड्यून'मध्ये (१९८४) फायनल कट, म्हणजे अंतिम एडिटचा हक्क, त्याच्याकडे नव्हता आणि चित्रपट पडला. 'ब्लू व्हेल्व्हेट'ला (१९८६) त्याने कमी बजेट घेतलं, कट स्वतःकडे ठेवला.

उणिवा आहेत. चित्रपटावर कॉमेंटरी ट्रॅक नाही. सबटायटल्स फक्त इंग्रजी. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अमेरिकन आवृत्ती रीजन ए लॉक आहे, म्हणजे ती त्या विभागासाठी बनवलेल्या प्लेअरवरच चालते. आपल्याकडचे प्लेअर रीजन सीचे, त्यात ती चालणार नाही. माझी डिस्क अमेरिकेतल्या मावसभावाने येताना आणली, पण रीजन-फ्री प्लेअर मी आधीच बघून ठेवला होता. तुम्हीही प्लेअरची सोय आधी करा, मग डिस्क मागवा.