जुन्या जीपला एसी बसवताना: रेडिएटर, फॅन, कंप्रेसर यांची निवड

महिंद्राच्या कमांडर, मार्शल, एमएम ५४० या जीप, इंजिन बदललेली ॲम्बेसेडर. आपल्याकडे खेड्यापाड्यांत अशा गाड्या अजून रोजच्या कामाला आहेत. होळी झाली की मालकांचा एकच प्रश्न सुरू होतो, हिला एसी बसतो का? बसतो. पण चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर गेल्यावर तो गार करेल का आणि इंजिन उकळणार नाही ना, हे पैसे देण्याआधी बघायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात पैसा मोजका असेल तर यंदा रेडिएटर आणि फॅनचं काम करा, एसी पुढच्या वर्षी बसवा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. गाडीच्या आतली गरमी आणि गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरची गरमी तो तिथेच सोडतो, त्यामुळे रेडिएटरला बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापलेली हवा मिळते. कंपनीने हा रेडिएटर एसी धरून दिलेलाच नव्हता. आधीच काठावर चालणारी गाडी एसी लावल्यावर पहिल्याच घाटात वाफ सोडते. परतवाड्याहून चिखलदरा चढून बघा, लगेच कळेल.

तांब्याचा रेडिएटर की ॲल्युमिनियमचा?

ॲल्युमिनियमचा हलका, गरमी सोडायला चांगला आणि नवा घ्यायला बरेचदा स्वस्त. पण त्याच्या प्लास्टिकच्या टाक्या काही वर्षांनी तडकतात आणि मग तो बदलण्याशिवाय इलाज राहत नाही. तांबं-पितळेचा जड असतो. मात्र त्याच्या टाक्या उघडून, नळ्यांत सळई फिरवून, सोल्डर मारून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी अजून भेटतो. खेड्यात राहणाऱ्या माणसासाठी माझा कौल तांब्याला, तोही तीन-चार कोरचा, म्हणजे नळ्यांच्या तीन-चार रांगांचा.

दोन्हींचा वैरी एकच, बोअरचं पाणी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात, हे पाणी रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे नळ्यांत क्षार भरणं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घाला. हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं १३ पीएसआय दाबाचं झाकण घट्ट बसत असेल तर तो आकडा १२५ च्या वर जातो. झाकणाचं रबर गेलेलं असेल तर ही सगळी वाढ फुकट, म्हणून कुठल्याही मोठ्या खर्चाआधी झाकण बदला.

थर्मोस्टॅटचंही, म्हणजे इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या वॉलचंही इथेच सांगतो. "वॉल काढून टाका न जी, काही होत नाही," असं बरेच मिस्त्री म्हणतात. काढू नका. काही इंजिनांत वॉल काढला की बायपास उघडाच राहतो आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरमध्ये न जाता तसाच फिरत राहतो. गार व्हायच्या ऐवजी गाडी जास्त तापते.

इंजिनवरचा फॅन की इलेक्ट्रिक?

इंजिनवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक लावला की ॲव्हरेज वाढतं म्हणतात. थोडं वाढत असेलही. पण जुन्या अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या यंत्रावर, दोन मोठे इलेक्ट्रिक फॅन, ब्लोअर आणि रात्रीचे हेडलाइट एकत्र टाकले की बॅटरी उतरणारच. माझ्या मते इंजिनवरचा पंखा तसाच ठेवा, त्याला श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, नीट बसवा आणि कंडेन्सरच्या पुढून ढकलणारा एकच इलेक्ट्रिक फॅन द्या, एसीच्या कंप्रेसरच्या क्लचबरोबर रिलेवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर) आपोआप चालणारा. श्राउड नसलेला पंखा बरीचशी हवा कडेने इंजिनाकडचीच गरम ओढतो. बदलवलेल्या गाडीत हमखास हरवलेली वस्तू म्हणजे हा श्राउड.

तपासायला खर्च नाही. इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू ठेवा, एसी चालू करा आणि जाळीपुढे वर्तमानपत्राचं एक पान धरून सोडा. पान सगळीकडून चिकटून राहिलं पाहिजे. एका कोपऱ्यात फडफडलं तर तिथून हवा ओढली जात नाही.

बेल्टवरचा कंप्रेसर की १२ व्होल्टचा एसी?

१२ व्होल्टचा एसी दिसायला सोपा, इंजिनला हात लावायचा नाही, छतावर किंवा मागे बसवला की झालं. पण हिशोब करा. ८४० वॉट ओढणारा एसी १२ व्होल्टवर ७० अँपिअर मागतो. जुन्या जीपचा ३५-४० अँपिअरचा अल्टरनेटर आयडलवर तेवढेही देत नाही. नवा अल्टरनेटर, जाड वायरिंग, मोठी बॅटरी एवढं सगळं करून मिळणारी थंडी बेल्टच्या कंप्रेसरपेक्षा कमीच. गाडी उभी ठेवून आत झोपायचं असेल, तरच तो कामाचा.

बेल्टवरच्यात सँडन कंपनीचे ५०७ आणि ५०८ हे पाच सिलिंडरचे कंप्रेसर बहुतेक एसीवाल्यांना माहीत असतात. पहिला १०८ सीसीचा, दुसरा १३८ सीसीचा. जीपच्या डिझेल इंजिनला ५०८ चालतो. मारुती ८०० सारख्या ७९६ सीसीच्या गाडीला तो जड होईल, तिथे लहानच बरा. अल्टरनेटर इथेही ६५ अँपिअरच्या वरचा लागतो आणि एसी लागताच आयडल उचलणारा आयडल-अपही, नाहीतर रेल्वे फाटकावर उभं राहिलं की इंजिन धडधडतं. कंप्रेसरच्या क्लचच्या वायरीत इंजिन १०५ अंशांना गेलं की एसी तोडणारा थर्मल स्विच नक्की टाका. माझ्या दृष्टीने यादीतली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

स्क्रॅपचा माल की नवा किट?

इथे मी दोन्ही एकत्र घ्यायला सांगेन. स्क्रॅपमधून ब्रॅकेट आणि क्रँक पुली आणा, तुमच्याच इंजिनाच्या आणि कंपनीतूनच एसी आलेल्या बोलेरो किंवा आर्माडा ग्रँडच्या. युनिव्हर्सल किटमध्ये ब्रॅकेट वेल्डिंग करून जमवतात. पुल्या एका रेषेत आल्या नाहीत तर बेल्ट दर महिन्याला तुटतो आणि कंप्रेसरचं बेअरिंग जातं. सरळ पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडाला लावा, मधे फट दिसता कामा नये.

बाकी सगळं नवं घ्या. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा), एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा), पाइप, ओ-रिंग जुने वापरू नका. तोंडं उघडी पडलेल्या ड्रायरने हवेतला ओलावा कधीच पिऊन घेतलेला असतो. फार जुना कंप्रेसर आर-१२ गॅसचा असेल तर त्यातलं मिनरल ऑइल आताच्या आर-१३४ए गॅसबरोबर मिसळत नाही. ते पूर्ण काढून लाइन धुऊन घ्या आणि कंप्रेसरला चालणारं पॅग किंवा एस्टर ऑइल घाला. नाव नसलेल्या सिलिंडरमधला स्वस्त गॅस कोणी भरत असेल तर गाडी उचलून परत या. त्यात पेट घेणारा गॅस असू शकतो आणि तो तुमच्या पायापाशी फिरणार असतो.

कंडेन्सर नव्या पॅरलल फ्लो पद्धतीचा, म्हणजे अनेक नळ्यांतून गॅस एकाच वेळी नेणारा घ्या, आर-१३४ए ला तोच पुरतो. एक अडचण आहे, त्याच्या पात्या फार बारीक असतात. वणी-घुग्घुसकडे कोळशाची धूळ आणि हंगामात जिनिंगसमोर उभं राहिलं की कापसाचे तंतू त्यात नमद्यासारखे बसतात. आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर गनने पात्या लोळतात.

आणि पाण्याचा कूलर?

याला कोणी हसू नये. ४५ अंशांना हवेत ओलावा १५ टक्के असेल तर ओल्या वाळ्यातून गेलेली हवा, तत्त्वाने, २४ अंशांपर्यंत उतरू शकते. गाडीतल्या साध्या कूलरमधून ती ३० च्या आसपास मिळते. नवतपातसुद्धा हे काम करतं, कारण आपला उन्हाळा कोरडा. लहान पंप, ब्लोअर, पाण्याची कॅन आणि मागची काच बोटभर उघडी. इंजिनवर भार जवळपास शून्य. मृग लागून हवा दमट झाली की मात्र तो बंदच. कापडी हूडच्या जीपला मी हाच सुचवतो, कारण हूडच्या फटींतून एसीची थंडी टिकत नाही. एसीच हवा असेल तर आधी पक्कं छत, छताला आतून इन्सुलेशन फोम आणि पेडल व गिअरजवळची भोकं बंद करा.

शेत ते तालुका एवढंच फिरणं असेल तर कूलर आणि चांगला रेडिएटर पुरे. घरात म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल आणि भर उन्हात नागपूरच्या दवाखान्यापर्यंत जावं लागत असेल, तर बेल्टवरचा एसी घ्या आणि काम माघ-फाल्गुनातच उरकून टाका, एप्रिलमध्ये एसीवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. गॅस भरायच्या दिवशी स्वतः हजर राहा. व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास चालू द्या, मग बंद करून गेजच्या काट्याकडे बघत थांबा. काटा सरकला तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत गॅस भरू देऊ नका.